जुन्या गाडीचा गिअर लिव्हर आणि पेडल घरी बदलताय? या चुका टाळा

गिअर टाकायला हात लांब न्यावा लागतो, न्यूट्रलमध्येही नॉब डुलत राहतो, क्लच जड लागतो, ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर जाताना बुटाची कड अडकते. जुन्या गाडीच्या या तक्रारी खोट्या नसतात, उपाय मात्र बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होतो. करवत आणि वेल्डिंग आधी, तपासणी नंतर. क्रम असा हवा: आधी झीज काढा, मग अ‍ॅडजस्टमेंट करा, आणि त्यानंतरही गरज उरली तरच लांबीला हात लावा. पहिल्या दोन पायऱ्यांतच बऱ्याच गाड्यांचं काम होऊन जातं.

झिजलेल्या बुशवर शॉर्ट शिफ्टर

शॉर्ट शिफ्टर म्हणजे नॉबचा प्रवास कमी करणारा लिव्हर, आणि बुश म्हणजे सांध्यात बसणारी नळीसारखी कडी. गिअर लिव्हर ही साधी तरफ आहे. लिव्हर ज्या बॉलवर फिरतो तो टेकू. त्याच्या वर ३०० मिमी आणि खाली ५० मिमी लिव्हर असेल तर प्रमाण ६:१. खालचं टोक २० मिमी सरकवायला नॉब १२० मिमी न्यावा लागतो. हाच हिशेब ढिलेपणालाही लागू पडतो: खालच्या टोकाशी फक्त २ मिमी प्ले असला तरी नॉबवर तो १२ मिमी जाणवतो. म्हणजे ‘थ्रो (नॉबचा प्रवास) फार लांब आहे’ असं वाटतं तिथे अनेकदा थ्रो ठीक असतो, त्यात प्ले मिसळलेला असतो.

म्हणून आधी मोजा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट. नॉब दोन बोटांनी पुढे-मागे हलवा आणि जिथे जोर लागू लागतो त्या दोन टोकांमधलं अंतर पट्टीने घ्या. मग एकाला नॉब हलवायला सांगा आणि दुसऱ्याने गाडीखालून एकेक सांधा बघावा. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, अ‍ॅक्सल स्टँड लावायचेच. बॉलखालची नायलॉनची वाटी, लिंकेजचे (लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या जोडाची पिन आणि इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग, प्ले याच चार जागी लपतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये शिफ्ट रॉडचा जोड मागच्या सीटखालच्या झाकणाखाली असतो आणि त्याचे बुश चुरा झाले की लिव्हर कितीही चांगला बसवला तरी गिअर सापडत नाहीत. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये लिव्हरखालचा छोटा रबरी बूट (आवरण) फाटला की गरम हवा आणि आवाज आत येतो, आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात.

बुश घरी करायचे तर साहित्य जागेप्रमाणे निवडा. लिंकेजच्या सांध्यांना नायलॉन किंवा अ‍ॅसिटल चांगलं. पितळही चालतं, पण ग्रीस सुकलं की कुरकुरतं. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएमध्ये काढलेला बुश टनेलमध्ये (गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्याखाली) लावू नका. ते प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि एक्झॉस्टजवळ तेवढं तापमान सहज होतं. त्याच कारणाने एक्झॉस्टलगत नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नटही नको, पूर्ण धातूचा लॉकनट घ्या. आणि सांध्याच्या पिनच्या जागी टोकापर्यंत आटे असलेला बोल्ट घालायचा मोह आवरा. आटे कानशीसारखे भोक खातात. जिथे सांधा फिरतो तेवढा भाग गुळगुळीत असलेला बोल्टच घ्यायचा.

सगळंच कडक करायचं नसतं. लिव्हरमध्ये रबरी आयसोलेटर असेल तर तो तसाच राहू द्या, कारण तो काढून ठोस तुकडा घातला की ठरावीक आरपीएमला नॉब हाताला झिणझिण्या आणतो आणि कन्सोल गुणगुणू लागतो.

लिव्हर कापण्याआधीचा हिशेब

प्ले काढूनही थ्रो लांब वाटत असेल तर दोन वाटा आहेत. वरचा भाग ३०० वरून २४० मिमी केला की प्रमाण ४.८:१ होतं आणि नॉबचा प्रवास १२० वरून ९६ मिमीवर येतो. जोर मात्र सव्वापट लागतो. खालचा भाग ५० वरून ६० मिमी केला तर प्रमाण ५:१, प्रवास १०० मिमी, जोर १.२ पट. दोन्ही एकदम केलं तर ४:१. प्रवास ८० मिमी आणि जोर दीडपट. कागदावर हे झकास दिसतं. पण तो दीडपट जोर हाताइतकाच सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना सोसावा लागतो. गिअरचा वेग जुळवायला रिंगेला क्षणभर घासावं लागतं. छोट्या लिव्हरने हात तो क्षण देत नाही. रिंग आधीच झिजलेली असेल तर दुसऱ्या गिअरला खरखर सुरू होते. जुन्या गिअरबॉक्ससाठी एकूण प्रवासात १५ ते २० टक्के कपात पुरे, त्यापुढे जाण्यात शहाणपण नाही.

खालचं टोक वाढवताना आणखी एक गोष्ट विसरली जाते: बाजूचा प्रवासही त्याच प्रमाणात आकसतो. गेट (गिअरच्या ओळी) जवळ-जवळ येतात. चौथ्यातून पाचव्यात जाताना हात तिसऱ्यात शिरला तर चाकं इंजिनला जबरदस्तीने फिरवतात. रेव्ह लिमिटर असला तरी तो फक्त इंधन किंवा स्पार्क तोडतो, चाकांकडून येणारा वेग त्याला रोखता येत नाही.

काहीजण लिव्हर न कापता बॉलच्या घराखाली १० मिमीचा स्पेसर ठेवतात. टेकू वर जातो हे खरं, पण त्याबरोबर खालचं टोकही सिलेक्टरच्या खाचेतून १० मिमी वर येतं. खाचेत अर्धवट बसलेलं टोक थोड्याच दिवसांत गोल होतं किंवा निसटतं, आणि मग गाडी एका गिअरमध्ये अडकते. स्पेसर लावायचा तर टोक तेवढंच वाढवावं लागतं. टोकाला इंजिनिअर्स ब्लू किंवा मार्करची शाई लावून एकदा गिअर टाका आणि शाई कुठे पुसली गेली ते बघून पकड किती खोल आहे ते ठरवा.

वेल्डिंग करायचंच तर

लिव्हर गाडीतून बाहेर काढा. बसलेल्या जागी वेल्डिंग केलं तर नायलॉनची वाटी वितळते, आणि अर्थचा क्लॅम्प चुकीच्या जागी असेल तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जाऊन त्यावर खड्डे पडतात. गाडीवर दुसरं काही वेल्ड करत असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा.

दोन तुकडे टोकाला टोक लावून जोडणं हा सर्वांत कमजोर जोड. त्याऐवजी आत किंवा बाहेर घट्ट बसणारा स्लीव्ह घ्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी आत जाणारा. स्लीव्हला प्रत्येक बाजूला दोन भोकं पाडून ती वेल्डने भरा आणि कडेने शिवण घाला. क्रोम किंवा झिंकचा थर आधी घासून काढा. तो जळताना निघणारा धूर विषारी असतो. बॉलपासून दूर राहा. बॉलचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, उष्णतेने तो मऊ पडला की वाटी आणि बॉल दोन्ही लवकर झिजतात.

रिव्हर्ससाठी कॉलर उचलायची सोय असेल तर तिची आतली केबल किंवा रॉडही लिव्हरइतकीच छोटी करावी लागते. हे राहून गेलं तर रिव्हर्स पडतच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुढे जाताना चुकून पडतो.

नॉबचे आटे न पाहता नॉब विकत घेऊ नका. एम८, एम१० आणि एम१२ हे नेहमीचे, पण एम१० मध्ये १.२५ आणि १.५ असे दोन्ही पिच सापडतात आणि चुकीचा पिच दोन-तीन वेढे बसून मग अडतो. तिथे जोर लावला की आटे गेले. खाली चेकनट (नॉब फिरू न देणारा दुसरा नट) हवाच. जड नॉब हाताला छान लागतो, पण आतल्या स्प्रिंग-बॉलची पकड सैल झालेल्या गिअरबॉक्समध्ये खड्ड्यातल्या धक्क्याने तेच वजन गिअर बाहेर खेचतं.

गिअर उडत असेल तर आधी कन्सोल काढा

बदलानंतर गिअर उडू लागला (आपोआप न्यूट्रलमध्ये येऊ लागला) तर लगेच गिअरबॉक्स उतरवायची घाई नको. लिव्हरचा बूट आणि कन्सोलची वरची पट्टी काढून गाडी चालवा. उडणं थांबलं तर दोष तिथेच आहे. नवा बूट आखूड आहे, किंवा दुसऱ्या-चौथ्याला लिव्हर कन्सोलच्या कडेवर टेकतोय. गिअर वरवर पडल्यासारखा वाटतो, पण दात पूर्ण खोलीपर्यंत शिरलेले नसतात आणि अर्ध्या दातावर चाललेला गिअर हळूहळू त्याच दातांची टोकं गोल करतो. प्रत्येक गिअरमध्ये लिव्हरभोवती किमान १० मिमी मोकळी जागा ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन कलतं आणि काही रचनांत लिव्हर त्याच्यासोबत सरकतो.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरच गिअर उडत असेल तर माउंटिंग तपासा. केबलच्या शिफ्टरमध्ये केबलची लांबी पुन्हा जुळवा: गिअर पूर्ण पडल्यानंतरही लिव्हर दोन्ही दिशांना थोडासा पुढे जायला हवा. तो थेट टोकाच्या अडसरावर थांबत असेल तर गिअर अर्धाच पडतोय.

क्लच हलका करण्याची महागडी युक्ती

पेडलच्या दांड्यावर केबलचं भोक टेकूच्या जवळ पाडलं की क्लच हलका होतो. खरं आहे. टेकूपासून पेडल २५० मिमी, केबल ५० मिमीवर, पेडलचा प्रवास १४० मिमी असेल तर केबल २८ मिमी ओढली जाते. भोक ४० मिमीवर आणलं की ओढ २२.४ मिमी. पाचवा हिस्सा गेला, आणि क्लच पूर्ण सुटायला नेमका तोच लागत होता. मग खरखर, आणि दोष पुन्हा सिंक्रोनायझरवर. तपासायचं असेल तर इंजिन आयडलवर ठेवून क्लच तळापर्यंत दाबा, दहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर क्लच सुटत नाहीये.

जड क्लचचं मूळ बहुधा जुन्या केबलमध्ये असतं: आतले तार तुटायला लागलेले, किंवा केबल तीव्र वळण घेऊन गेलेली. डायफ्रामच्या (थाळीसारख्या स्प्रिंगच्या) क्लचमध्ये प्लेट झिजली की पेडल आपोआप जड होतं. एकाला क्लच दाबायला सांगून फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बघा. पत्रा पुढे फुगताना दिसला तर पेडलचा निम्मा प्रवास पत्रा वाकवण्यात चाललाय. तिथे २ ते ३ मिमी जाडीची पट्टी बसवून पत्रा मजबूत केल्याशिवाय बाकी कशाला अर्थ नाही. फ्री प्ले (पेडलचा सुरुवातीचा मोकळा प्रवास) गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. शून्य केला तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि क्लच घसरतो.

ब्रेकच्या दांड्याला कापणं, वाकवणं, वेल्डिंग, काहीच नको

इथे मतभेदाला जागा ठेवत नाही. गिअरचा जोड तुटला तर गाडी थांबते, ब्रेकचा तुटला तर थांबत नाही. उंची किंवा अंतर बदलायचं तर फक्त पॅडवर काम करा. रबर काढा, २ ते ३ मिमी जाडीची प्लेट थेट धातूवर ठेवा आणि एम६ चे ८.८ ग्रेडचे किमान दोन बोल्ट नायलॉक नटसह लावा. रबरावर प्लेट कसली तर रबर दबत जातं आणि बोल्ट सैल होतात. पत्र्याचे स्क्रू आणि दुहेरी टेप पेडलवर वापरायच्या वस्तूच नाहीत. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम ओल्या बुटाखाली घसरतं, त्यामुळे त्यावर खडबडीत पट्टे किंवा रबराच्या गोळ्या हव्यात.

पॅड खाली ३० मिमी वाढवला की २५० चा दांडा २८० होतो, म्हणजे तोच ब्रेक लागायला पेडल १२ टक्के जास्त खाली जातं. गाडीला दोन सर्किटचे (दोन स्वतंत्र तेलमार्गांचे) ब्रेक असतील आणि एक सर्किट गेलं तर पेडल आणखी खोल जातं. दुसरं सर्किट पकडण्याआधी ते कार्पेटला टेकता कामा नये. उभ्या गाडीत एका सर्किटचं ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडून पेडल दाबा आणि हे प्रत्यक्ष बघा. नंतर हवा नीट काढा.

अ‍ॅक्सिलरेटरची उंची ठरवताना ब्रेक सुटलेला असताना मोजू नका. इंजिन चालू ठेवून ब्रेक जोरात दाबा. त्या स्थितीत अ‍ॅक्सिलरेटर ब्रेकपेक्षा किंचित खाली हवा. तो वर असेल तर घाईत दोन्ही एकदम दाबले जातात. कार्ब्युरेटरच्या गाडीत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला अडसर पेडलखाली हवा, नाहीतर पायाचा सगळा जोर केबल आणि कार्ब्युरेटरच्या स्पिंडलवर येतो. परतीच्या स्प्रिंग दोन ठेवा, वेगवेगळ्या ठिकाणी अडकवलेल्या. पेडल हळू सोडून बघा, मॅट पुढे सरकवून बघा, कुठेही अडकलं तर गाडी बाहेर काढू नका.

पेडलच्या कामानंतर थोडं अंतर चालवल्यावर ब्रेक कडक होत जाऊन चाकं धरू लागली तर मास्टर सिलिंडरकडे वळा. पेडल सुटलेलं असताना पिस्टन पूर्ण मागे येऊन एक बारीक छिद्र उघडं राहावं लागतं. गरम होऊन फुगलेलं ब्रेक ऑइल त्यातून टाकीत परत जातं. पुशरॉड जरा लांब झाला, किंवा ब्रेक लाइटच्या स्विचने पेडल दाबून ठेवलं, की छिद्र बंद. चाकं धरलेली असतानाच मास्टर सिलिंडरचे नट दोन-तीन वेढे सैल करा. चाकं मोकळी झाली तर पुशरॉडमधलं अंतर संपलंय, चेकनट सोडून तो आखूड करा. नाही झाली तर चाकाजवळचं ब्लीड निपल उघडा. तेव्हा मोकळी झाली तर होज आतून फुगलाय किंवा छिद्रच कचऱ्याने बुजलंय. तरीही नाही, तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर अडकलाय आणि पेडलचा त्यात दोष नाही.

खोललेला प्रत्येक नट कसून झाला की नट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून जाईल अशी रंगाची बारीक रेघ ओढा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आणि गाडीखाली बघा. रेघ तुटलेली दिसेल तो नट फिरला आहे. तो नुसता कसून सोडू नका, नवा नायलॉक लावा, एक्झॉस्टलगत असेल तर पूर्ण धातूचा लॉकनट.