वर्णद्वेषाविरुद्धची मोहीम कुठे फसते? फुटबॉलमधल्या या चुका टाळा

ऑक्टोबर 2012. प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी सामन्याआधीच्या सरावात ‘किक इट आउट’ या वर्णद्वेषविरोधी संस्थेचा टी-शर्ट घालायचा, असं ठरलं होतं. आमचे सगळे खेळाडू तो घालतील, असं मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी आदल्या दिवशी जाहीरही केलं. रिओ फर्डिनंडने तो घातला नाही. रेडिंगच्या जेसन रॉबर्ट्सने त्याच्याही आधी नकार कळवला होता. फर्ग्युसन चिडले आणि चर्चा शिस्तीवर घसरली.

खरं तर चर्चा व्हायला हवी होती त्याआधीच्या वर्षाची. ऑक्टोबर 2011 मध्ये रिओचा धाकटा भाऊ अँटन याला चेल्सीच्या जॉन टेरीने मैदानावर वर्णावरून शिवी दिल्याचा आरोप झाला. जुलै 2012 मध्ये न्यायालयाने टेरीला निर्दोष ठरवलं. फुटबॉल असोसिएशनने मात्र सप्टेंबरमध्ये त्याला दोषी धरून 4 सामन्यांची बंदी आणि 2 लाख 20 हजार पौंडांचा दंड केला. हे सगळं व्हायला 11 महिने लागले. ज्या घराने हे भोगलं, त्याच घरातल्या माणसाने पुढच्या महिन्यात छातीवर घोषणा मिरवावी, ही अपेक्षाच चुकीची होती.

क्लबात, लीगमध्ये किंवा चाहत्यांच्या संघटनेत अशी मोहीम चालवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: ज्यांच्यासाठी मोहीम आहे तेच खेळाडू पाठ फिरवत असतील, तर त्यांना समजवायला जाऊ नका. मागची कुठली तक्रार रखडली आहे ते आधी शोधा. दंड करायचा अधिकार ‘किक इट आउट’कडे कधीच नव्हता आणि तिचा निधी फुटबॉलच्याच संस्थांकडून येत आला आहे. राग टी-शर्टवर निघाला, पण तो होता शिक्षेचा अधिकार हाती असलेल्यांवर.

दंडाची रक्कमही बोलते

युरो 2012 या युरोपीय देशांच्या स्पर्धेत डेन्मार्कच्या निकलस बेंटनरने गोल केल्यावर एका सट्टेबाज कंपनीचं नाव असलेली अंतर्वस्त्राची पट्टी दाखवली. युरोपातल्या फुटबॉलची संघटना असलेल्या युएफाने त्याला 1 लाख युरो दंड आणि 1 सामन्याची बंदी केली. त्याच स्पर्धेत क्रोएशियाच्या प्रेक्षकांनी इटलीच्या मारियो बालोटेल्लीवर वर्णद्वेषी शेरेबाजी केली. त्या प्रकरणात क्रोएशियाच्या संघटनेला दंड झाला 80 हजार युरो. स्टेडियमभर आदराचे फलक लावलेले असले, तरी चोरट्या जाहिरातीचा दंड जास्त आहे हे प्रेक्षक वाचतोच. मोहिमेचं बजेट ठरवण्याआधी तुमच्या स्पर्धेचं दंडपत्रक काढा आणि वर्णद्वेषाचं कलम कितव्या क्रमांकावर येतं ते बघा.

शिवी खाणाऱ्यालाच कार्ड

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही आहे, आणि ती फलकांनी झाकली जात नाही.

डिसेंबर 2018 मध्ये इंटर मिलानच्या मैदानावर नापोलीच्या कालिदू कुलिबालीला सामनाभर माकडाचे आवाज ऐकावे लागले. पिवळं कार्ड मिळाल्यावर त्याने उपरोधाने टाळ्या वाजवल्या आणि त्याला बाहेर काढलं गेलं. एप्रिल 2023 मध्ये युव्हेंटसच्या मैदानावर रोमेलू लुकाकूने पेनल्टीवर गोल केला, शिवीगाळ करणाऱ्या स्टँडकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि त्याला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. पुढच्याच महिन्यात स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या मेस्टाया मैदानावर वर्णद्वेषी शिवीगाळ ऐकणारा रिअल माद्रिदचा व्हिनिसियस ज्युनियर लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. लुकाकूची बंदी इटालियन संघटनेच्या अध्यक्षांनी माफ केली आणि व्हिनिसियसचं कार्डही रद्द झालं. पण हे सगळं नंतर. मैदानावर, हजारो डोळ्यांसमोर, शिक्षा त्यांनाच झाली होती.

युएफाची तीन पायऱ्यांची पद्धत 2009 पासून आहे: खेळ थांबवून घोषणा करायची, तरीही प्रकार चालू राहिला तर संघांना ड्रेसिंग रूममध्ये पाठवायचं, आणि शेवटी सामना रद्द करायचा. ऑक्टोबर 2019 मध्ये सोफियात बल्गेरिया-इंग्लंड सामना दोनदा थांबला आणि तरी पूर्ण खेळवला गेला. इंग्लंड 6-0 जिंकलं. पायऱ्या कागदावर होत्या, पण शेवटची चढायला कोणी तयार नव्हतं.

म्हणून तुमच्या मैदानापुरतं आधी ठरवा. खेळाडूने कोणाला सांगायचं? पंच दूर असेल तर कर्णधाराने काय करायचं? घोषणा कोण वाचणार, आणि ती समोरच्या प्रेक्षकांच्या भाषेत लिहून तयार आहे का? त्या स्टँडवरचा कॅमेरा त्याच क्षणी कोण वळवणार? मे 2024 मध्ये फिफाने मनगटावर मनगट ठेवून हातांची फुली करण्याची खूण सुरू केली. मला ती टी-शर्टपेक्षा कितीतरी उपयोगाची वाटते, कारण खेळाडूने ती केली की पंचाला काहीतरी करावंच लागतं. पंच स्वतःच चुकू शकतो, याचीही तयारी हवी. डिसेंबर 2020 मध्ये पॅरिसमध्ये चौथ्या पंचांच्या शब्दांवरूनच दोन्ही संघ मैदान सोडून गेले आणि पीएसजी-बाशाकशेहिर सामना दुसऱ्या दिवशी पूर्ण करावा लागला.

चित्र छापण्याआधी दाखवा

डिसेंबर 2019 मध्ये इटलीच्या ‘सेरी आ’ या लीगने वर्णद्वेषविरोधी मोहिमेसाठी तीन माकडांची चित्रं पुढे आणली. आपण सगळे सारखेच, असं चित्रकाराला म्हणायचं होतं. ज्या देशात खेळाडूंना माकडाचे आवाज ऐकवले जात होते, तिथे हे चाललं नाही. मिलान आणि रोमा या क्लबांनी उघड नापसंती दाखवली आणि लीगला माफी मागावी लागली.

कृती कधी थांबवायची, हेही ठरवा

जून 2020 मध्ये प्रीमियर लीगचे खेळाडू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ सामन्याआधी गुडघा टेकू लागले तेव्हा त्या कृतीत धग होती. मार्च 2021 मध्ये क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा मात्र उभाच राहिला. गुडघा टेकणं हा नेमाचा भाग झालाय आणि शिवीगाळ काही थांबलेली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. 2022 च्या हंगामात कर्णधारांनी ती कृती निवडक सामन्यांपुरतीच ठेवली. आपल्या जेस कार्टरला ऑनलाइन वर्णद्वेषी शिवीगाळ झाल्यावर इंग्लंडच्या महिला संघाने युरो 2025 च्या उपांत्य सामन्याआधी गुडघा टेकणं थांबवलं. याला मोहिमेचा पराभव म्हणू नका. खेळाडू कृतीची किंमत तुमच्या आधी ओळखतात.

उलट दिशेची घाईही वाईटच. फिफाने 2013 मध्ये नेमलेला वर्णद्वेषविरोधी कृतीगट 2016 मध्ये ‘काम झालं’ म्हणून बरखास्त केला.

तक्रारी वाढल्या म्हणून घाबरू नका

आकडा वर गेला की अधिकारी अस्वस्थ होतात. पण शिवीगाळ वाढली की सांगण्याची हिंमत वाढली, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. दुसरं मोजा: किती तक्रारींत माणूस ओळखला गेला, किती दिवसांत, आणि तक्रार करणाऱ्याला शेवटी काय झालं ते कळवलं का. शेवटचा प्रश्न बहुतेक अहवालांत नसतोच.

नियमातली भोकंही शोधा. इंग्लंडच्या 1991 च्या कायद्याने स्टेडियममधल्या वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरवल्या, पण त्या इतरांसोबत मिळून दिल्या तरच. एकटा माणूस ओरडला तर तो त्या कलमातून सुटे. ही फट 1999 च्या दुरुस्तीने बुजली.

स्पेनमध्ये बार्सिलोनाचा सॅम्युएल एटो फेब्रुवारी 2006 मध्ये वर्णद्वेषी शेरेबाजीमुळे झारागोझाच्या मैदानातून बाहेर निघाला होता, त्याला समजावून परत खेळायला लावलं. मेस्टायाच्या प्रकरणात लीगने तक्रार न्यायालयात नेली, व्हिनिसियस आणि रिअल माद्रिदही त्यात सामील झाले, आणि जून 2024 मध्ये तिघांना 8 महिन्यांची कैद आणि 2 वर्षांची स्टेडियमबंदी झाली. स्टेडियममधल्या वर्णद्वेषी शिवीगाळीसाठी स्पेनमध्ये झालेली ती पहिली शिक्षा. तुमच्या क्लबात अशी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात कोण जाणार, त्या माणसाचं नाव हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूंना माहीत असू द्या.