पाइपातून माल येतोय का, हे प्रोग्रामला न अडकता कसं कळावं

कापसाच्या काटापट्ट्यांची बेरीज मारायला मी पायथनमधे एक बारीकसा प्रोग्राम लिहिला, नाव ठेवलं काटा. वजनांची फाईल पाइपातून (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला पोचवणारी वाट) दिली की झकास चालायचा. एक दिवस लहान भावानं नुसतं काटा लिहून एंटर मारलं अन् दहा मिनिटांनी विचारतो, दादा, हे काहून हलत नाई? हलणार कसं, ते कीबोर्डवरून वजनं यायची वाट पाहात बसलं होतं. (कंट्रोल डी दाबलं की सुटतं, पण पोराला काय माहीत.)

तं वाचायच्या आधी विचारायचं, समोर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आहे का. त्यासाठी आयएसएटीटीवाय (isatty) हे फंक्शन, त्याला 0 द्यायचा कारण स्टँडर्ड इनपुटचा, म्हणजे प्रोग्राममधे माल येतो त्या दाराचा, नंबर 0. पायथनमधे स्टँडर्ड इनपुटला स्टडइन म्हणतात, त्याच्यावर हेच बोलवता येतं. हो आलं तं समोर माणूस बसलाय, वापरायची पद्धत छापा अन् बाहेर पडा, नाही आलं तं खुशाल शेवटपर्यंत वाचा. हे विचारताना एक बाइटही वाचला जात नाही, म्हणून इथं अडकायचा सवालच नाही.

पण नाही म्हणजे पाइपच असं नाही बावा. इनपुटला थेट फाईल वळवली किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणारी सोय) चाललं तरी नाहीच येतं. नेमका पाइपच ओळखायचा तं एफस्टॅट (उघड्या फाईलचा प्रकार सांगणारं फंक्शन) करून फिफो, म्हणजे पाइप, आहे का पाहा, मला तेवढी गरज पडली नाही.

मी मात्र जास्तीचा शहाणपणा करून सिलेक्ट (वाचायला काही तयार आहे का सांगणारं फंक्शन) लावलं, टाइमआऊट 0, म्हणजे जराही न थांबता, डेटा आलाय का म्हणून. पाइपाच्या मागचा, वजनं पाठवणारा प्रोग्राम झिप फाईल उघडत होता, त्याला दोन सेकंद लागले, तेवढ्यात काटानं बेरीज 0 छापून मोकळं! जिनिंगच्या गेटवर बंडी दिसत नाही म्हणून यंदा कापूसच नाही म्हणावं, तशातली गत. उलट रिकामा पाइप बंद झाला तरी सिलेक्ट तयार आहे म्हणतं, कारण फाईल संपणंही त्याच्या हिशेबात वाचण्यासारखंच. अन् विंडोजवर ते फक्त सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) चालतं, पाइपावर नाही. काढून टाकलं.

एक भानगड उरतेच, दुसरा प्रोग्राम काटाला चालवतो, पाइप उघडा ठेवतो अन् पाठवत काहीच नाही, तिथं आयएसएटीटीवायही वाचवत नाही. म्हणून फाईलचं नाव दिलं असलं तं स्टँडर्ड इनपुटला हातच लावायचा नाही, अन् नावाच्या जागी नुसता डॅश दिला तं तिथूनच वाचायचं, फाईल छापणारी कॅट कमांडही असंच करते.

आता तपासा. नुसतं काटा चालवलं की लगेच पद्धत छापली पाहिजे. मग कंसात आधी स्लीप 5 (पाच सेकंद थांबा) अन् त्यानंतर इको 12.40 (12.40 छापा), कंसाच्या पुढं पाइप लावून काटा. पाच सेकंद गप्प बसून 12.40 छापलं तं बरोबर, लगेच 0 आलं तं सिलेक्ट कुठंतरी राहिलंय, शोधा.