कथा स्वतः प्रकाशित करताय? सीमाभागातील लेखकांनी या चुका टाळाव्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठीतून कथा लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. खरी अडचण सुरू होते ती कथा लिहून झाल्यावर. आता घरबसल्या, एका संध्याकाळी कथा प्रसिद्ध करता येते आणि नेमक्या त्या संध्याकाळच्या घाईत जे बिघडते, ते पुढे कित्येक महिने निस्तरत बसावे लागते.

सर्वांत महाग पडते ती क्रमाची चूक. कथा पूर्ण झाली की ती आधी व्हॉट्सॲपच्या गटात, मग प्रतिलिपी या मोफत कथा वाचण्याच्या ॲपवर, त्यानंतर दिवाळी अंकाकडे आणि तिथून नकार आला की ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात, असा आपला नेहमीचा प्रवास असतो आणि तो पूर्ण उलटा आहे. दिवाळी अंकांचे संपादक सहसा अप्रकाशित कथाच मागतात, आणि प्रथम प्रसिद्धीची संधी प्रत्येक कथेला एकदाच मिळते. माझी एक कथा संपादकांना आवडूनही केवळ ती आधी गटांतून फिरली होती म्हणून परत आली, तेव्हा मला हे कळले. म्हणून कथा अंकाला द्यायची असेल तर ती पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवावी, उत्तर येईपर्यंत ती कुठेही टाकू नये आणि अंक निघून गेल्यावर, संपादकांशी ठरले असेल त्याप्रमाणे, ती स्वतः प्रकाशित करावी.

किंडलवर गेल्यानंतर याच चुकीचे दुसरे रूप समोर येते. तिथे ‘केडीपी सिलेक्ट’ ही फक्त किंडलवरच कथा ठेवण्याची योजना स्वीकारली की ९० दिवस ती कथा डिजिटल स्वरूपात अन्यत्र कुठेही ठेवता येत नाही. प्रतिलिपीवर मोफत असलेली प्रत आधी काढून घ्यावी लागते. मुदत संपली की योजना आपोआप पुढे चालू राहते, त्यामुळे नको असल्यास आपोआप मुदतवाढीची खूण वेळीच काढून टाकावी. या ९० दिवसांत कथा मोफत देण्यासाठी पाच दिवस मिळतात. हे पाचही दिवस पहिल्याच आठवड्यात संपवणारे लेखक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा कडोली, येळ्ळूर, उचगाव किंवा कारदगा इथल्या साहित्य संमेलनाच्या दिवसासाठी दोन दिवस राखून ठेवावेत, कारण त्या दिवशी समोर बसलेला प्रत्येक माणूस मराठी वाचणाराच असतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून पुस्तके वाचण्याच्या योजनेत वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने मोबदला मिळतो, म्हणून बारा-पंधरा पानांची एकच कथा टाकण्यापेक्षा एका सूत्राच्या चार-पाच कथा एकत्र देणे मला अधिक योग्य वाटते.

अक्षरांचा घोळ हा सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रकार आहे. डीटीपीच्या दुकानात टाईप करून घेतलेला मजकूर पुष्कळदा श्रीलिपीच्या किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवतात. त्यामुळे फॉन्ट बदलला की पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे विखुरलेली दिसतात. यावर उपाय म्हणजे मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलून घेणे. पण बदलून घेतला म्हणजे काम झाले, असे समजू नये. माझ्या कथेत ‘जांबोटीच्या पुढच्या दऱ्यांत धुके उतरले’ असे वाक्य होते, ते बदलल्यानंतर ‘दर्यांत’ झाले आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दरीऐवजी समुद्र उभा राहिला. खाली टिंब असलेला ऱ, त्यानंतर हलन्त आणि मग य, अशा क्रमाने टाईप केले की ‘दऱ्या’ बरोबर उमटते. यासाठी संपूर्ण फाईलमध्ये ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक ठिकाणी थांबावे: ‘सूर्य’ तसाच राहील, ‘पायर्या’ मात्र ‘पायऱ्या’ करावे लागेल, ‘तर्हा’ ही ‘तऱ्हा’ होईल. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते दुसऱ्या कोणावर सोपवू नये. त्यानंतर पूर्ण कथा एकदा साध्या फोनवर वाचून पाहावी.

किंडलवर पुस्तकाची माहिती भरताना भाषेच्या रकान्यात इंग्रजी तसेच राहू देणे, हीदेखील नेहमीची चूक आहे. तिथे मराठी निवडावे. वाचक ज्या शब्दांनी पुस्तक शोधतो, त्या शोधशब्दांसाठी तिथे सात जागा असतात. आपल्या शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले असले तरी मराठी वाचक ‘बेळगाव’ असेच शोधतो, आणि अनेक जण ते रोमन लिपीत शोधतात. म्हणून ही सर्व रूपे द्यावीत.

पुण्यामुंबईच्या वाचकाला समजणार नाही या भीतीने संवाद धुऊनपुसून काढणे मला सर्वांत जास्त सलते. ‘काय करूलालास गा?’ हे वाक्य प्रसंग नीट उभा केला असेल तर नागपूरच्या वाचकालाही कळते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे, पण माणसांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यावे.

प्रसारासाठी संपूर्ण कथा गटात चिकटवू नये. दोन-तीन गटांतून पुढे गेल्यावर शेवटी असलेले लेखकाचे नाव गळते आणि ती कोणाचीच राहत नाही. त्याऐवजी पहिला परिच्छेद, लेखकाचे नाव आणि दुवा एवढेच द्यावे. घरच्यांकडून पाच तारे लिहून घेऊ नयेत. नातेवाईक आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत आणि ते काढून टाकले जाऊ शकतात.

हक्कांच्या बाबतीत दोन टोके दिसतात: काहींना नोंदणीवाचून कथा बाहेर काढण्याची भीती वाटते, तर काही जण कागद न वाचताच सही करतात. १९५७च्या कायद्यानुसार कथा लिहिली की तिचा स्वामित्वहक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो सहीच्या लेखी करारानेच देता येतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. शेजारच्या कन्नड वाचकासाठी कोणी अनुवाद करू इच्छित असेल तर तो हक्कही आपलाच आहे, हे ध्यानात ठेवून त्याची अट वेगळी लिहून घ्यावी.

छापील पुस्तिका काढणाऱ्यांनी आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो. मध्ये पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी, नाहीतर शेवटची पाने कोरी जातात. ग्रंथदिंडीच्या गर्दीत पुस्तिका हातात घेणाऱ्याला पुढची कथा वाचता यावी म्हणून मागच्या पानावर क्यूआर कोड द्यावा, आणि सगळ्या प्रती छापण्याआधी एका छापील प्रतीवरून तो दोन वेगवेगळ्या फोनवर उघडून पाहावा.