चार ग्लास मिळून एक लार्ज: घरी स्कॉच चाखायची तर अशी

आमच्या घोडबंदर रोडच्या ग्रुपमध्ये आधी एकच पद्धत होती, कोणी ड्युटी फ्रीची बाटली आणली की चकणा, सोडा, बर्फ सगळं टेबलावर आणि दोन तासात बाटली आडवी, दुसऱ्या दिवशी विचारलं कशी होती तर उत्तर ठरलेलं, "स्मूथ होती यार". चव खरंच कळायला हवी असेल तर एकटी स्कॉच घेऊन बसू नका, दोन शेजारी शेजारी ठेवा, फरक जाणवला की शब्द आपोआप सुचतात.

पण कुठल्याही दोन नाही. दोघींत शक्यतो एकच गोष्ट वेगळी हवी. माझी आवडती जोडी म्हणजे ग्लेनमोरांजी ओरिजिनल आणि त्यांचीच लसांता. डिस्टिलरी एकच, फक्त पहिली बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरते आणि दुसरी त्यानंतर शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपात जाते. अमेरिकेत बर्बनला दरवेळी नवीन ओकचं पिंप लागतं, म्हणून त्यांची वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात आणि व्हॅनिला, ओलं खोबरं असा वास तिथून येतो. शेरीवाली तोंडात घेतली की मनुका, खजूर, थोडी दालचिनी. पिंप काय करतं हे एका संध्याकाळी कळतं.

धूर ही वेगळी संध्याकाळ ठेवा, कारण तो आला की बाकी कशाची चव लागत नाही. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेलं शेवाळ-गवत, ते जाळून त्या धुरावर मोड आलेली बार्ली वाळवतात. आयला बेटावरची बोमोर आणि लॅफ्रॉएग घ्या, बोमोरची बार्ली २५ पीपीएमच्या (धुराचा अंश दहा लाखात किती, त्याचं माप) आसपास आणि लॅफ्रॉएगची ४० ते ४५. हा आकडा बार्लीचा आहे हां, बाटलीत येईपर्यंत बराच कमी होतो. लॅफ्रॉएगला मला टिंक्चर आयोडीन आणि चेंदणी कोळीवाड्यात सुकत घातलेले बोंबील असा वास येतो, आमच्यातला एक शाकाहारी म्हणतो होळीचा दुसरा दिवस. दोघंही बरोबर, असंच लिहायचं. परदेशी लोकांच्या नोट्समधलं हेदर, म्हणजे स्कॉटलंडच्या माळावरचं फुलझुडूप, आपण कधी हुंगलंय का?

आता माप. प्रत्येकी १५ एमएल, चार ग्लास झाले की एक लार्ज, बास. ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता, वाईनचा छोटा असला तरी चालतो, जाड बुडाचा पसरट नको, त्यातून वास उडून जातो. त्याआधी मामलेदारची मिसळ खाऊन येऊ नका आणि देवघरातला धूप विझलेला असू दे. नाक आत खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून लांबूनच हुंगायचं, मग छोटा घोट, जिभेवर सगळीकडे फिरवून गिळायचा आणि नंतर काय उरतंय ते बघायचं. मग चमच्याने चार थेंब साधं पाणी टाकून परत हुंगा, बऱ्याचदा वेगळंच काहीतरी वर येतं. बर्फ मात्र नको, गार झालं की वास दबतो.

रंग बघून भुलू नका. कायद्याने स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालता येतो, त्यामुळे गडद म्हणजे जुनी असं काही नाही. लेबलवरचं १२ म्हणजे आतली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षांची, एवढाच अर्थ.

आणि एकदा तरी डोळे झाकून करा. ग्लासच्या बुडाला नंबर चिकटवायचे, ओतणारा वेगळा, कुठल्या नंबरात काय आहे ते त्यालाच माहीत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मोठ्या ऐटीत ज्याला पहिला नंबर दिला ती घरातलीच ब्लॅक लेबल, म्हणजे अनेक व्हिस्क्यांचं मिश्रण, निघाली आणि मी महिनाभर जपून ठेवलेली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची निव्वळ बार्लीची व्हिस्की, तिसरी आली. सहा महिने टोमणे ऐकले.

उरलेली अर्धी बाटली वर्षभर ठेवू नका, आतली हवा वाढली की चव फिकी पडते. आम्ही होमिओपॅथीच्या काचेच्या बाटल्या आणतो, गच्च भरून वाटून घेतो. लेबल मात्र नक्की लावा आणि सासूबाईंच्या औषधांपासून लांब ठेवा, आमच्याकडे थोडक्यात वाचलंय.