पोरगं ठाण्यात कबूल झालं तर

तासगावच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर मी हे वाक्य कितींदा ऐकलंय: "साहेब, पोरगं कबूल झालंय, आता वकील देऊन काय उपयोग?" पाच-सहा वर्षांपूर्वी बेदाण्याच्या शेडवर कामाला असलेल्या एका पोराची आई असंच म्हणत आली. चोरी बेदाण्याच्या बॉक्सची. मी म्हटलं, "मावशी, आधी बसा. पोलिसांपुढं कबूल झाला म्हणजे कोर्टापुढं झाला असं नाही."

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं (पुराव्याच्या नव्या कायद्याचं) कलम २३ सांगतं, की पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. गोडीगुलाबीनं दिली असली तरी. मारून, धमकावून, आमिष दाखवून काढलेली कबुली कलम २२ नं बाद. जुन्या कागदांवर आधीच्या पुरावा कायद्याचे २४ ते २९ आकडे दिसतील, विषय तोच. अपवाद मोक्क्याचा (संघटित गुन्हेगारीच्या कायद्याचा): तिथं अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली अटी पाळून चालते. म्हणून कलमं कोणती लागली ते आधी विचारा.

अटकेपासून २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. सगळा खेळ तिथं. साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" पोरगं मागं उभ्या हवालदाराकडं बघतं आणि "नाही" म्हणतं. आमच्या पोरानंही तेच केलं. मी म्हटलं, चप्पल काढ, साहेबांना तळपाय दाखव. दोन्ही टाचा काळ्यानिळ्या. साहेबांनी रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ते लिहून घेतलं आणि सिव्हिलला तपासणीचा हुकूम केला. वळ आठवड्यात जातात, रोजनामा राहतो. तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घ्या, तो हक्क आहे.

पुढं पोलीस म्हणतील, साहेबांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १८३ खाली जबाब दे, सुटशील. पोराला एवढंच शिकवून ठेवा: "मला कबुली द्यायची नाही." जबाब सुरू व्हायच्या आधी हे सांगितलं, तर न्यायदंडाधिकाऱ्याला त्याला पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. साहेबांनीही त्याला आधी सांगावं लागतं, की कबुली द्यायचं बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते.

आता खरी मेख. कबुली बाद, पण आरोपीनं सांगितल्यावरून माल सापडला तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढा तुकडा चालतो. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं लंडनचं शेवटच्या अपिलाचं कोर्ट) पुलुकुरी कोटय्याच्या खटल्यात हे नीट उलगडलं. आमच्या पोराच्या निवेदनात होतं, "मी चोरलेले बॉक्स कडब्याच्या गंजीखाली ठेवलेत, काढून देतो." "गंजीखाली ठेवलेत" एवढं चालतं, "चोरलेले" गळतं. ठेवणारा चोरच होता हे वेगळं सिद्ध करावं लागतं. म्हणून अशा केसमध्ये कबुलीशी झगडत बसू नका, पंचनाम्याला भिडा. पंच कुठले, किती वाजता गेले, गंजी कुणाच्या रानात, रान उघडं की कुंपणाचं.

आमचा पंच उलटतपासात पाचव्या प्रश्नाला म्हणाला, "गंजी मी बघितलीच नाही, सही ठाण्यात घेतली."