आधी गवत, मग गवा : तृणभक्षी प्राणी परत आणताना या चुका टाळा

नागपूरच्या भोवती पेंच, बोर, उमरेड-पवनी-करांडला, नवेगाव-नागझिरा आणि थोडं पुढे ताडोबा, एवढी जंगलं आहेत. त्यामुळे आपल्याकडे जंगलाची गोष्ट वाघापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा वाघापाशीच संपते. पण कुरण कुरण म्हणून टिकतं ते गवा, चितळ, सांबर, रोही (नीलगाय), काळवीट यांच्या तोंडामुळे आणि खुरांमुळे. जून गवत तुडवलं जातं, कोवळ्या फुटव्याला उजेड मिळतो, शेणा-लेंड्यांतून बी लांबवर जातं. हे प्राणी गेले की काही वर्षांत तिथे झुडपं माजतात. म्हणून त्यांना परत आणण्याची मागणी योग्यच आहे, माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. फसतं ते काम उलट्या टोकाकडून सुरू केल्यामुळे. प्राणी आणायची तारीख आधी ठरते आणि जमिनीकडे नंतर पाहिलं जातं.

गवत न ओळखता प्राणी आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दुरून हिरवं दिसणारं प्रत्येक मैदान हे कुरण नसतं. आपल्या भागात पावसाळ्यात जे हिरवंगार दिसतं त्यात तरोटा, रानतुळस, गाजरगवत आणि कडेला रायमुनिया, म्हणजे घाणेरी, किती आहे ते आधी जवळ जाऊन बघा. यातलं जवळपास काहीच गव्याच्या किंवा चितळाच्या पोटात जात नाही. मारवेल, पवन्या, शेडा यांसारखी गवतं किती आहेत, यावर तिथे किती प्राणी जगतील ते ठरतं. कुसळी असली तर ती कोवळी असेपर्यंतच कामाची; कुसळं धरली की प्राणी तिच्याकडे फिरकत नाहीत.

तरोटा उपटायचा तर तो फुलण्यापूर्वी, भर पावसाळ्यात. शेंगा वाळल्यावर उपटला तर आपणच बी पेरत चालल्यासारखं होतं. शिवाय जुनं बी मातीत पडून असतं, म्हणून एका पावसाळ्यात हे काम संपत नाही. 'यंदा साफ केलं, पुढच्या हिवाळ्यात प्राणी सोडू' असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा.

याचं उत्तम उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. मध्य प्रदेशातल्या कान्हात १९७० साली कठीण जमिनीवरचे बारशिंगे, म्हणजे दलदलीऐवजी टणक जमिनीवर राहणारी या हरणाची उपजात, फक्त ६६ उरले होते. जगात या उपजातीचा दुसरा कळपच नव्हता. बारशिंगा जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगतो, आणि पाडसं लपवायला त्याला उंच गवत लागतं. तिथे गावांचं पुनर्वसन होऊन कुरणं मोकळी झाली, शिकारी प्राण्यांना आत येता येणार नाही असं बंदिस्त क्षेत्र केलं, उंच गवत जपलं. संख्या सावरल्यावर, २०१५ साली बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात गेले आणि २०२३ साली बांधवगडला. मधली चाळीसहून जास्त वर्षं कुरणाची आणि कळपाची होती. आपल्या ताडोबातही जामणी, नवेगाव ही गावं उठल्यावर तिथे कुरणं उभी राहिली. ती आपोआप टिकत नाहीत, दर वर्षी राबावं लागतं.

मोकळी जमीन दिसली की झाडं लावणं

पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' नावाची जमिनीची नोंद आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच असल्याचा निकाल दिला. पण वन म्हटलं की खड्डे खोदून रोपं लावायची, ही सवय आपल्या हाडात भिनली आहे. जिथे विरळ बोरी-पळसाखाली गवत आहे, तिथे ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावणं म्हणजे काळविटाचं घर मोडणं. वृक्षारोपणाचं उद्दिष्ट दुसरीकडे पूर्ण करा.

जागोजागी पाणवठे

उन्हाळ्यात टँकरने भरलेला पाणवठा बघून सगळ्यांना समाधान वाटतं, आणि नेमका म्हणून हा विषय कुणी तपासत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात उत्तर भागात कृत्रिम पाणवठे वाढवले. पाण्यामागे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले, आणि उंच गवतात राहणारं रोअन हरीण त्यात भरडलं गेलं. १९८६ साली तिथे सुमारे ४५० रोअन होते, १९९३ साली सुमारे ४५. पुढे पाणवठे बंद करावे लागले. आपल्याकडे तहान खरी आहे, त्यामुळे सगळे पाणवठे बंद करा असं मी म्हणणार नाही. पण दोन पाणवठ्यांमध्ये एवढं अंतर ठेवा की मधलं काही कुरण उन्हाळ्यात चरण्यावाचून राहील. पाण्याभोवतीची जमीन उघडी पडून धूळ उडायला लागली, तर नवा पाणवठा करू नका; आहे त्यातला एखादा काही महिने कोरडा ठेवून बघा.

घाईने पकडणं, चुकीच्या ऋतूत हलवणं

हरणाला पळवून जाळ्यात पकडलं तर ते वाचलं असं लगेच मानू नका. भीतीने आणि धावण्याने शरीर तापतं, स्नायू आतून तुटतात, त्यातली द्रव्यं मूत्रपिंडं निकामी करतात. प्राणी दोन-चार दिवसांनीही मरू शकतो, आणि मग 'नवी जागा मानवली नाही' असं लिहिलं जातं. म्हणून चितळांसाठी बोमा पद्धत वापरतात. नरसाळ्याच्या आकाराचं, पलीकडचं दिसणार नाही असं कुंपण, आत चारा टाकून लावलेली सवय, आणि टोकाला उभी असलेली गाडी. प्राण्याला हात लावावा लागत नाही. पेंचच्या मध्य प्रदेशातल्या भागातून चितळं अशीच इतरत्र नेली आहेत. गव्यासाठी मात्र भुलीचं इंजेक्शन आणि अनुभवी पशुवैद्यक लागतात. २०११ साली कान्हातून बांधवगडला गवे नेले ते असेच.

आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात प्राणी हलवायचा विचारही करू नका. थंडीचे महिने बरे. नर चितळाच्या वाढत्या शिंगांवर मखमल, म्हणजे मऊ कातडी, असताना त्याला गाडीत कोंबू नका. ती शिंगं नाजूक असतात आणि दुखापत झाली की रक्त वाहतं.

गावातल्या गुरांचा आणि शेताचा विसर

लाळ्या-खुरकूत गाईकडून गव्याकडे जातो. बुळकांडीने एकेकाळी देशातले गव्यांचे कळप संपवले होते. तो रोग आता जगातून गेला, पण बाकीचे आहेत. प्राणी सोडण्याआधी भोवतालच्या गावांतल्या सगळ्या गुरांचं लसीकरण झालेलं हवं, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. रानम्हशीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या जंगलात त्या आहेत, आणि पाळीव म्हशींशी संकर झाला तर रानटी वाणच पुसलं जातं.

शेतकऱ्याचा राग खरा आहे. रोही आणि रानडुकरांनी हरभरा, तूर, संत्र्याची बाग कशी जाते हे काटोल-नरखेडच्या माणसाला समजवायला कुणी जाऊ नये. सोडण्याची जागा शेताच्या बांधापासून लांब निवडा, नुकसानभरपाई कुणाकडे आणि किती दिवसांत हे ग्रामसभेत आधीच ठरवा. ग्रामसभा नाही म्हणाली तर जागा बदला.

सोडल्यानंतर बिघडलं तर कुठे बघायचं

कुरणात काही ठिकाणी साधारण दहा बाय दहा मीटरचे कुंपण घातलेले चौकोन ठेवा. पावसाळा सरल्यावर आतलं आणि बाहेरचं गवत ताडून बघा. आत-बाहेर फरकच नसेल तर प्राणी तिथे चरत नाहीत. माणसांची वर्दळ, मोकाट कुत्री किंवा नको असलेली झुडपं कारण असतील. बाहेर फक्त माती आणि तरोटा उरला असेल तर प्राणी जास्त झाले आहेत.

कळपात मोठी जनावरं दिसतात पण पाडसं नाहीत, असं झालं तर बहुधा लपायला उंच गवत नाही, किंवा कुत्री पाडसं नेत आहेत. कळप रोज एकाच दिशेने बाहेर जात असेल तर तो जुन्या वाटेने निघाला आहे. त्या वाटेत कालवा किंवा रस्ता आडवा आला आहे का ते बघा.

संख्या फार वाढली तर काय, हेही कागदावर हवं. नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासेन या राखीव क्षेत्रात १९८० च्या दशकात हेक जातीची गुरं आणि कोनिक जातीचे घोडे, नंतर लाल हरणं सोडली. भोवती कुंपण, आत शिकारी प्राणी नाही. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिथे तीन हजारांहून अधिक जनावरं गेली. उपासमारीने मरायला टेकलेली बहुतेक गोळी घालून मारावी लागली, आणि लोक कुंपणावरून चारा फेकत होते. बाहेर जायची वाट नसलेल्या जागेत प्राणी सोडूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

राहिली परवानगी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम १२ खाली ती लागते, आणि अनुसूची एकमधल्या प्राण्यासाठी केंद्र सरकारचीही. गवा, काळवीट, रानम्हैस त्यातच येतात. कुठल्याही संस्थेला किंवा गावाला स्वतःच्या हिमतीवर एकही प्राणी हलवता येत नाही. सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात प्रस्ताव घेऊन जाल तेव्हा सोबत निदान दोन पावसाळ्यांची गवताची नोंद, गुरांच्या लसीकरणाचे कागद आणि ग्रामसभेचा ठराव असू द्या.