घरचा हॉट सॉस बाटलीत भरताना
सॉस किती तिखट आहे यावर तो टिकत नाही, टिकतो तो आंबटपणावर, म्हणून सगळं मिक्सरला फिरवून झालं की पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका सॉस जास्त आंबट) नक्की तपासा. ४.६ च्या खाली बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढत नाहीत, पण अगदी काठावर राहू नका, ४ किंवा त्याहून कमी आणा, जास्त आला तर व्हिनेगर वाढवा आणि परत मोजा. मग सॉस चांगला उकळून गरम असतानाच, साधारण ८५ डिग्रीच्या वर, उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम काचेच्या बाटलीत भरायचा, झाकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटं उलटी ठेवायची. आंबवलेला सॉस न उकळता भरलात तर आत गॅस होऊन बाटली फुटू शकते, तो फ्रिजमध्येच ठेवा. आणि तेल-लसूण घातलेला सॉस बाहेर ठेवूच नका प्लीज.